इंजिनाचा काजी

गनीभाई, तुमच्या जियारतीला आलो तेव्हा माझ्या खांद्यावर खाकी कॅनव्हासची पिशवी होती. तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवसाची गर्दी, मशिदीतून घराकडे निघालेली माणसं, आणि सगळ्यांच्या मागं मी, एका अंगाला कललेला. तुमचे मेहुणे चाँदभाई दोनदा जवळ आले. "मास्तर, लई जड दिसून राहिली. द्या, मी धरतो." मी दिली नाही. ती पिशवी ज्याच्या हाती पडू नये असा जगात एकच माणूस होता, ते चाँदभाई. आणि ज्याच्या हाती ती बावीस वर्षांपूर्वीच द्यायला हवी होती, तेही चाँदभाईच.

तुम्ही असता तर पिशवीच्या फुगवट्यावरून आत काय आहे ते ओळखलं असतंत. किंवा ओळखून गप्प बसला असता. तुमच्या बाबतीत या दोन गोष्टी मला कधीच वेगळ्या करता आल्या नाहीत. तुमच्याशी बोलताना माझा एक कान तुमच्या शब्दांकडे असायचा आणि सगळं मन तुमच्या डोळ्यांकडे. यांना कळलंय का? कळलं असेल तर बोलत का नाहीत? कळलं नसेल तर आत्ता असं का म्हणाले? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात बावीस वर्षं पौर्णिमाच होती.

आज लिहितोय ते तुम्हाला उद्देशून, पण चारचौघांनी वाचावं म्हणून. तोंडानं सांगायचं होतं. तेवढं सोडून मी बाकी सगळं बोलत राहिलो.

आपली ओळख विष्णुपुरीची. मी नांदेडला एम.एस्सी. करत होतो. धरणाच्या कामावरच्या यार्डात वाफेवर चालणारा एक जुना रोडरोलर गंजत पडलेला, आणि त्याच्या पोटाखाली तुम्ही उताणे. मी उभा राहून बघत होतो. तुम्ही आतूनच म्हणालात, "बघायला तिकीट न्हाई, पण सावली हलवा. उजेड अडवून राहिले तुम्ही." मग बाहेर येऊन तुम्ही माझ्या हातात बाभळीची काठी दिलीत. एक टोक बॉयलरला, दुसरं माझ्या कानाला. पलीकडून हातोडी मारलीत.

"काय ऐकू येतं?"

"टण."

"आता?"

"तेच."

"तेच न्हाई. इथं पत्रा पातळ झालाय, आवाज रडका येतो. तुम्ही काय शिकता?"

"फिजिक्स."

"मग बरोबर हाय," तुम्ही म्हणालात.

पुढं उदगीरच्या कॉलेजात मला नोकरी लागली आणि तुमचं घर चार गल्ल्यांवर आलं. तुम्ही दिवसा पिठाच्या गिरण्या, मोटारपंप, काय येईल ते दुरुस्त करायचात. पण जीव वाफेत. उमरीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तुमचे वडील इंजिनावर होते. तुम्ही म्हणायचात की तुम्हाला अंगाई आईनं नाही, पिस्टननं म्हटली. आयुष्यात तुम्ही अशी तीन मेलेली इंजिनं उठवलीत. चौथं स्टेशनाजवळच्या बंद जिनिंगचं. माणसापेक्षा उंच चाक, आडवं लांबलचक धूड, निजामाच्या काळात बोटीनं आणि रेल्वेनं आलेलं. मालकाच्या नातवांनी सांगितलं, शेड पाडेपर्यंत तुमचं. शेड पाडायला कुणाला सवड झाली नाही, आणि तुम्ही सहा वर्षं त्या इंजिनाची एकेक जोड उघडलीत, घासलीत, पुन्हा बसवलीत.

त्या शेडचे दोन कायदे होते. पहिला, काढलेल्या प्रत्येक नटावर आणि त्याच्या बोल्टवर छिन्नीनं एकच खूण करायची. "नट-बोल्ट म्हणजे मियाँ-बीवी. दुसऱ्याच्या घरात घातले तरी संसार होतो, पण कुरकुरतो." दुसरा कायदा कडक होता. ज्यानं उघडलं त्यानंच बंद करायचं. एकदा मी वाफेच्या पेटीचं झाकण काढलं, तेवढ्यात लातूरची एसटी पकडायची वेळ झाली आणि मी हात पुसून निघालो. आठ दिवसांनी आलो तर झाकण तसंच उघडं. त्यावर फक्त धूळ बसू नये म्हणून लुंगी झाकलेली.

"तुम्ही का नाही लावलं?"

"मी कुठं काढलं होतं?" तुम्ही म्हणालात. "काढताना हाताला जे कळतं ते लावताना लागतं. तुमच्या हाताला कळलेलं माझ्या हाताला कसं ठाऊक?"

तेव्हा मला तो मिस्त्रीपणाचा तोरा वाटला. त्यावरून आपण भांडलोही. कारखाने असे चालले असते तर देशात एक चाक फिरलं नसतं, असं मी म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच फिरणारी बंद पडली."

आता पिशवीत काय होतं ते. त्या इंजिनावर एका उभ्या दांड्याला दोन पितळी गोळे होते, नारळाएवढे, दोन हातांना टांगल्यासारखे. इंजिन फार जोरात पळू लागलं की गोळे फिरता फिरता बाहेर फाकायचे, आणि त्यांच्या ओढीनं वाफेची वाट आवळली जायची. इंजिन दमलं की गोळे खाली यायचे आणि वाट मोकळी व्हायची. पुस्तकात याला गव्हर्नर म्हणतात. तुम्ही काजी म्हणायचात. "जो जास्त उडला त्याचा गळा दाबतो, जो खाली बसला त्याला उठवतो. फी घेत न्हाई." काजीशिवाय इंजिनाला वाफ देणं म्हणजे मरण, हे तुम्ही मला दहा वेळा सांगितलं होतं.

भूकंप झाला त्या सकाळी तुम्ही माझ्या दारात आलात ते सगळा सरंजाम घेऊनच. जॅक, चेनकप्पी, पहारी, सगळ्या हातोड्या. चाँदभाईंचा टेम्पो बाहेर उभा. "किल्लारीकडं चाललो. दगडी भिंती हायत, हातानं न्हाई उचलायच्या." शेडची किल्ली माझ्या हातात दिलीत. "हवा ओली हाय. तेलाचा हात फिरवत जा, गंज धरंल." बस एवढंच.

मी आलो नाही तुमच्याबरोबर. याचंही कारण आज सांगतो. लातूरला क्लासचं पेव फुटायला लागलं होतं. मी आणि रसायनशास्त्राचे एक मित्र मिळून एका दुकानाच्या माडीवर पहिली बॅच लावत होतो. भूकंपानं घाबरलेले पालक पोरांना खेड्यातून उचलून लातूरला नातेवाइकांकडं ठेवू लागले होते, त्यांनाही कुठंतरी बसवायचं होतं. एका रविवारी पालकांसमोर नमुन्याचा तास घ्यायचा ठरला. मित्र म्हणाला, फळ्यावर सगळेच शिकवतात, तुझं वेगळं काय? मला काजी आठवला.

तुम्ही गावात असता तर मागितला असता. तुम्ही दिलाही असता, किंवा शिव्या देऊन दिला असता. पण तुम्ही दगडाखाली माणसं शोधत होता, आणि माझ्या खिशात किल्ली होती. सोमवारी परत बसवू असं ठरवून मी शनिवारी शेड उघडली. काजी दांड्यावर एका आडव्या पिनेनं अडकवलेला. पिन निघेना. तुमच्या हातोड्या तुमच्याबरोबर गेलेल्या. मी स्क्रू ड्रायव्हर लावून दगडानं ठोकलं. घसरलं. पुन्हा ठोकलं. पिन वाकून निघाली, पण जाता जाता काजीच्या गळ्यातला होल खाऊन गेली. गोल होता तो एका अंगाला फाटल्यासारखा लांबट झाला.

रविवारचा तास उत्तम झाला. मी गोळे गरागरा फिरवले, पोरांनी टाळ्या वाजवल्या, बाप लोक पुढं सरकून बसले. कितीतरी दिवस लोक मला 'पितळी गोळेवाले सर' म्हणत. त्या नावाला मी ओ देत राहिलो.

सोमवारी मी काजी परत आणला नाही. न विचारता नेल्याची लाज नव्हती तेवढी त्या होलाची होती. तुमच्यासमोर तो होल धरायचं धाडस नव्हतं. म्हटलं, लातुरात लेथवर दुरुस्त करून घेऊ, मग बसवू. लेथवाला म्हणाला, दिवाळीनंतर या.

तुम्ही दिवाळीआधी आलात. तीन आठवड्यांनी. दाढी वाढलेली, हातांची कातडी गेलेली. आमच्या घरून किल्ली घेऊन तुम्ही पुढं गेलात. मी कॉलेजातून शेडवर पोचलो तेव्हा तुम्ही इंजिनासमोर उभे होता, आणि चाँदभाई टेम्पोतून जॅक उतरवत होते. तिकडं काय बघितलंत, हे तुम्ही पुढंही कधी धड सांगितलं नाहीत. एकच गोष्ट सांगितलीत, तीही मी पोचल्या पोचल्या. ढिगाऱ्यातून भांडी, सळ्या, मेलेल्यांच्या अंगावरचे दागिने वेचणारी माणसं तुम्ही बघितली होती. त्यानंतर तुमच्या नजरेत जे बसलं होतं, ते घेऊन तुम्ही शेडचं दार उघडलंत आणि समोर मोकळा दांडा.

"चाँद," तुम्ही वळूनही न बघता म्हणालात. "गोळे कुठं हायत?"

"कोणते गोळे, भाईजान?"

"तीन दिवस आधी परत आला होतास तू. टेम्पो घेऊन."

"रेशन आणायला आलो होतो. तुम्हीच धाडलं."

"कुलूप शाबूत हाय. मागचा पत्रा उचकटल्याबिगर आत येता येत न्हाई. पत्रा उचकटायचं काम गावात कुणाला येतं?"

चाँदभाई भंगारवाले. नांदेडला त्यांचं आवार. त्यांना तो शब्द कुठं लागला ते मला दिसलं. ते माझ्याकडं वळले. "मास्तर, किल्ली तुमच्याकडं होती. तुम्ही सांगा यांना."

तुम्ही हसलात. त्या दिवसातलं तुमचं पहिलं हसू असेल. "मास्तर काय नेणार? त्याला पुस्तकातलं इंजिन पुरतं."

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य. होल बिघडवलाय, माफ करा, लातुरात आहे. पण मेलेल्यांच्या अंगावरचं ओरबाडणाऱ्यांच्या गोष्टी तुमच्या तोंडून नुकत्याच ऐकलेल्या, आणि त्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं. मी म्हणालो, "मागचा पत्रा जरा हललेला वाटला होता मला."

पत्रा हललेलाच होता. सहा वर्षं हललेला होता. मी खोटं एक अक्षर बोललो नाही, गनीभाई. काजी नेला ती चूक होती. पाप ते वाक्य.

चाँदभाईंनी हातातला जॅक खाली ठेवला, हळू, जसं तुम्ही शिकवलं होतं तसं. टेम्पोत बसले आणि नांदेडला गेले. तुमच्या घरी पुन्हा आले नाहीत. तुम्ही भाभींना बजावलंत, त्या घराशी आपलं काही नाही. त्यांचा सख्खा भाऊ, एकुलता.

त्यानंतरच्या ईदला तुम्ही माझ्याकडं डबा घेऊन आलात. शिरखुर्म्याचा, पितळी कडीचा. म्हणालात, "चाँदच्या वाट्याचा हाय. तुमच्या भाभीचा हात मापावर येत न्हाई, एक डबा जास्त होतोच. ती म्हणली, मास्तरांना द्या, तेही भावासारखेच."

माझ्या बायकोनं, सुमननं, वाट्या भरल्या. मी खाल्ला. काय करणार होतो? पुढं मी लातूरला बिऱ्हाड हलवलं तरी कुणा ना कुणा एसटीच्या ड्रायव्हरबरोबर डबा यायचा. सुमन तो रिकामा कधी परत करायची नाही, करंज्या नाहीतर चिवडा घालायची. तिला काहीच माहीत नव्हतं. तिला मी गेल्या आठवड्यात सांगितलं. ती म्हणाली, "मला तरी निदान कमी खायला सांगायचं होतं."

काजी आमच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात, जुन्या चादरीत. लेथवाल्याकडं मी पुन्हा गेलोच नाही. दुरुस्त करून आणणार कुठं? आता तो चोरीचा माल होता आणि चोर ठरलेला होता.

मी अधूनमधून शेडवर यायचो आणि दरवेळी विचारायचो, "नवीन ओतून घ्या ना. नांदेडला ओतकाम करणारे आहेत." खरं सांगतो, तुमच्या भल्यासाठी नव्हे, माझ्या सुटकेसाठी. तुम्ही म्हणायचात, "मेलं असतं तर नवं आणलं असतं. ते हरवलंय." आणि इंजिनाचं बाकी सगळं चकचकीत करून ठेवायचात. चहा घ्यायचात. एकदा मधेच विचारलंत, "मास्तर, कपाटात ठेवलेलं पितळ किती वर्षांनी काळं पडतं?" माझ्या बशीतला चहा सांडला. तुम्ही म्हणालात, भाभींच्या पानदानाबद्दल विचारून राहिलो.

पानदानाबद्दलच होतं का ते?

उदगीरचे एक कापडवाले त्या पहिल्या रविवारी पालकांत बसलेले होते. त्यांच्या दुकानावरून तुम्ही जाताना दिसलात की मी मनात म्हणायचो, आज सांगितलं असेल. तुम्ही आजारी पडलात तरी मला वाटायचं, कळल्यामुळं. तुम्ही हसलात तर, कळल्यामुळंच.

मग तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. लातुरात करायचं ठरलं आणि तुम्ही दोन दिवस आमच्याकडं राहिलात, त्या कपाटाच्या खोलीत. मी नकार कसा देणार? एक डोळा पट्टीखाली, दुसरा अधू, आंधळ्यासारखाच माणूस, म्हणून मनाची समजूत घातली. दिवसभर माझे क्लास. आता एक माडी नव्हती, तीन मजले होते. तुम्ही म्हणालात, "रिक्षातनं येताना एका डोळ्यानं बघितलं. चौकाचौकात पोरांचे फोटो लावून राहिले. एवढे फोटो, एकाच्या बोटाला तेल न्हाई."

तुम्ही गेल्यावर सुमन कुरकुरली. "तुमच्या मिस्त्रींनी कपड्याच्या साबणाची वडी कापून नेली. अर्धी. आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली बघा, तळाला गेली." मी हसण्यावारी नेलं. संध्याकाळी कपाट उघडलं. चादर होती तशीच गुंडाळलेली. पण काजीचे हात, जे कित्येक वर्षं ताठरले होते, ते बोट लावताच हलले. सांध्यांना तेल होतं.

मी स्वतःला सांगितलं, सुमननं पुसलं असेल. तिला विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

त्यानंतर मी उदगीरला आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "या सर." मास्तर नाही. लातुरात सगळेच सर असतात, शंभर सर दिवसाला ऐकतो मी. पण तुमच्या तोंडचा तो एक शब्द घेऊन मी अकरा वर्षं फिरलो. कळल्याचा होता? वयाचा होता? माझ्या तीन मजल्यांचा होता? तुम्ही बाकी सगळं तसंच ठेवलंत. चहा तसाच, भांडणं तशीच. डिझेल बरं की वाफ, यावर आपण शेवटपर्यंत भांडलो. मागच्याच भेटीत तुम्ही म्हणालात, "डिझेल आतल्या आत मरतं, कुणाला पत्ता न्हाई. वाफ खोटं बोलत न्हाई. जिथनं फुटली तिथनं शिट्टी मारती." आणि माझ्याकडं बघत राहिलात. मी घड्याळ बघितलं. एसटीची वेळ झाली म्हणालो. एसटीला दोन तास होते, गनीभाई. मी स्टँडवर बसून राहिलो.

ती आपली शेवटची भेट.

तुम्ही गेल्याचा फोन आला तो चाँदभाईंचा. "मास्तर, भाईजान गेले. फजरच्या वक्ताला, पहाटे." माझ्या मनात आधी दुःख यायला हवं होतं. आधी शंका आली: हे या घरात कसे?

जियारतीचं जेवण उरकलं. माणसं पांगली. भाभी इद्दतीत, चार महिने दहा दिवस पडद्याआड. पडद्याच्या अलीकडं चाँदभाई आणि मी. मी पिशवी उघडली, काजी सतरंजीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. शनिवार, दगड, होल, पत्र्याचं वाक्य. सांगताना काजीकडं बघत होतो, चाँदभाईंकडं नाही.

चाँदभाईंनी एक गोळा हातानं उचलून वजन बघितलं, सवयीनं. "बावीस वर्षं कपाटात?"

"हो."

"मी नेले असते तर दुसऱ्या दिवशी वितळले असते," ते म्हणाले. "भंगारवाल्यावर आळ घ्यायचा तर एवढी तरी अक्कल पाहिजे होती भाईजानला. मला चोरीचा राग नव्हता. मी माल घरात ठेवीन असं वाटलं, त्याचा होता." मग म्हणाले, "डोळ्याचं ऑपरेशन झालं ना त्यांचं, तिथनं उदगीरला आलेच न्हाईत आधी. पट्टी बांधून नांदेडला आले माझ्या आवारात. सगळ्या हमालांदेखत हात जोडले. म्हणले, गोळे सापडले, नेणारा तू न्हाईस. कुठं सापडले म्हणलं, तर म्हणले, ते इचारू नको, तेवढी मेहरबानी कर."

"आणि तुम्ही नाही विचारलंत?"

"मला काय गरज? किल्ली कुणाकडं होती ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

पडद्यामागून भाभींचा आवाज आला. आमच्या भाभी, ज्यांचा चेहरा मी हजारदा चहाच्या कपाआडून बघितलाय, त्यांचा आता फक्त आवाज.

"मास्तर, ते डबे."

"हो भाभी."

"पहिले अकरा चाँदचे होते. ते तुम्ही खाल्ले. त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण त्याच्या पुढचे तुमचेच होते. चाँदचा मी येगळा भरत होते."

गनीभाई, इथं मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्हाला कळलं होतं. अकरा वर्षं कळलं होतं. मला का नाही सांगितलंत? एक शिवी दिली असतीत तर मी मोकळा झालो असतो. तुम्ही चाँदभाईंना सोडवलंत, भाभींना सोडवलंत, आणि मला तसंच ठेवलंत. ही माफी होती की सजा? चाँदभाईंना मी हेच विचारलं. मेहुण्याला माहीत असेल, म्हणून.

"मी पण बोललो होतो," ते म्हणाले. "सापडले तर लावा ना, इंजिन चालू करा. तर म्हणले, ज्यानं काढलं त्यानं लावायचं. मी कुठं काढलंय?" त्यांनी खुंटीवरची किल्ली घेतली. "चला. ऊन हाय तोवर."

शेडमध्ये तुमचा वास होता. इंजिनावर लुंगी झाकलेली. त्या उभ्या दांड्यावर धुळीचा कण नाही, ग्रीस लावून ठेवलेला. दांड्याच्या बाजूला खिळा, आणि खिळ्याला तेलकट चिंधीची एक पुरचुंडी, सुतळीनं बांधलेली. चाँदभाई म्हणाले, "याला हात लावू द्यायचे न्हाईत कुणाला."

मी सोडली. आत सुपारीच्या खांडासारखं कडक झालेलं काहीतरी आणि पोलादाची एक पिन. ते काहीतरी मी उन्हात धरलं. पिवळट, भेगाळलेला साबण. आमच्या घरचा. बोटाएवढी खुंटी कोरून कशात तरी दाबलेली, आणि दाबून काढलेली. एका अंगाला गोल, दुसऱ्या अंगाला लांबट.

पिनही तशीच होती. एका डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसानं माझ्या कपाटापुढं बसून त्या होलाचा ठसा घेतला होता, साबण खिशात घालून नांदेडला गेला होता, मेहुण्यापुढं हात जोडले होते, आणि मग घरी येऊन कानशीनं ही पिन घासली होती. सरळ नाही, माझ्या घसरलेल्या स्क्रू ड्रायव्हरच्या मापाची. होल दुरुस्त करता आला असता. लेथवर अर्ध्या तासाचं काम. तुम्ही होलाला हात लावला नाहीत. मी काजी घेऊन येईन त्या दिवशी होलाबद्दल मला काही बोलावं लागू नये, एवढी व्यवस्था करून तुम्ही खिळ्याला टांगून ठेवलीत आणि वाट बघत बसलात.

मी आलो. तीन दिवस उशिरा.

चाँदभाईंनी काजी उचलून दांड्यावर धरला. ज्या हातांनी तो चोरला असं मी एका वाक्यात ठरवलं होतं, त्याच हातांनी. मी पिन लावली. उलटी लावली, गेली नाही. फिरवली. गेली. शेवटचं बोटभर हातोडीनं, तुमच्या.

"हलतं का बघा," चाँदभाई म्हणाले.

दोघांनी मोठ्या चाकाला खांदा लावला. ते कुरकुरलं नाही. काजीचे हात किंचित फाकले, दोन बोटं, आणि परत खाली आले. वाफ नंतर. भाभींनी सांगितलंय, इद्दत संपू दे, शिट्टी ऐकायला मी स्वतः येणार. तोवर तेलाचा हात फिरवायला मला दर रविवारी यायचंय. किल्ली चाँदभाईंकडे आहे, इद्दत संपेपर्यंत ते इथंच राहणार. मी मागितली नाही, त्यांनी दिली नाही. आल्यावर हाक मारायची, ते उघडतात.